संगणक थंड ठेवणारे पाणी

शाळेच्या संगणक-खोलीत एक आवाज सतत चालू असतो. तो इतका सतत असतो, की काही दिवसांनी तो आपल्या ध्यानातही येईनासा होतो. हा आवाज पंख्यांचा. ध्वनिमुद्रण करायला बसले, की मात्र तो पुन्हा जागा होतो. गैरहजर मुलांसाठी धडा वाचून ठेवावा, तर प्रत्येक दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ती घरघर येऊन बसते. राजगुरुनगरच्या एका शाळेत याच कारणाने प्रश्न निघाला : हल्ली संगणक पाण्याने थंड करतात म्हणे, तसा एक घ्यावा का? खर्च थोडाथोडका नव्हता, आणि तो केला तर प्रयोगशाळेची खरेदी पुढे ढकलावी लागणार होती. उत्तर देण्यापूर्वी ही युक्ती चालते कशी ते नीट पाहू या. पाहताना शालेय विज्ञानातली दोन-तीन प्रकरणे आपोआप उघडतील.

प्रोसेसर विजेवर चालतो, पण तो वजन उचलत नाही की चाक फिरवत नाही. त्यामुळे घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णतेतच जाते. टेबलावरच्या संगणकाचा मध्यम प्रोसेसर भरपूर कामात असताना सुमारे 100 वॅट घेतो असे धरू; मोठे प्रोसेसर याच्या दुपटीहून अधिक घेतात. 100 वॅट म्हणजे एका जुन्या पिवळ्या बल्बाइतकी उष्णता. ती फार वाटत नाही. पण ती निर्माण होते कुठे? सुमारे 2 चौरस सेंटिमीटरच्या सिलिकॉनच्या तुकड्यात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 50 वॅट. आता कपड्यांची इस्त्री घ्या. 1000 वॅटची इस्त्री आणि तिचा तळ साधारण 180 चौरस सेंटिमीटर. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला साडेपाच वॅट येतात. प्रोसेसरचा पृष्ठभाग इस्त्रीच्या नऊपट दाटीने उष्णता सोडत असतो, आणि तरीही त्याचे तापमान 100 अंशांच्या आतच ठेवायचे असते. तापमान मर्यादेजवळ गेले की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. ऐन मे महिन्यात संगणक 'रेंगाळतो' अशी तक्रार येते, त्यामागे पुष्कळदा हेच असते.

म्हणजे अडचण उष्णता किती यापेक्षा ती किती छोट्या जागेत आहे ही आहे. तिला तिथून उचलून ऐसपैस जागेत पसरवले, की पुढचे काम हवा करते. उचलायचे कशाने, हा प्रश्न उरतो.

इथे विशिष्ट उष्णतेचे गणित फळ्यावर करून दाखवण्यासारखे आहे. 1 ग्रॅम पाण्याचे तापमान 1 अंशाने वाढवायला 4.18 ज्यूल उष्णता लागते. 1 ग्रॅम हवेला सुमारे 1 ज्यूल पुरते. हा फरक चौपटीचाच. पण 1 ग्रॅम पाणी 1 घनसेंटिमीटरमध्ये मावते, आणि 1 ग्रॅम हवेला 800 घनसेंटिमीटरहून जास्त जागा लागते. 100 वॅट वाहून न्यायचे आहेत आणि तापमान 10 अंशांनी वाढू द्यायचे आहे असे समजा. हवा मिनिटाला सुमारे 500 लिटर लागेल. पाणी? सुमारे 145 मिलिलिटर, म्हणजे चहाचा एक कप. पाचशे लिटर हवा छोट्या पत्र्यांच्या फटींतून रेटायची, तर पंख्याला जोरात फिरावे लागणार. कपभर पाणी मात्र बोटाएवढ्या नळीतून आवाज न करता जाते.

मुलांना याचे उदाहरण हवे असेल, तर चाकणला जायला नको, तिथून आलेली वाहने रस्त्यावर उभी असतातच. बजाजच्या चाकणच्या कारखान्यात पल्सर आणि केटीएम या दोन्ही मोटारसायकली तयार होतात. पल्सर 150 च्या इंजिनावर नुसत्या धातूच्या पात्यांच्या रांगा दिसतील. त्यावरून वारा गेला की इंजिन थंड होते. 2012 साली भारतात आलेल्या केटीएम 200 ड्यूकला मात्र पुढे रेडिएटर आहे. इंजिनाभोवती फिरलेला द्रव त्यात येऊन आपली उष्णता हवेला देतो. एकाच आवारातली ही दोन उत्तरे शेजारी उभी करून मुलांना निरीक्षण करायला लावावे.

पुण्यात पाषाणला, आयसर संस्थेत, सी-डॅकचा 'परम ब्रह्म' हा महासंगणक आहे. 2015 साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशनमधला हा संगणक थेट स्पर्शाच्या द्रवशीतनावर चालतो : प्रोसेसरवर धातूची पोकळ पाटी टेकलेली असते आणि तिच्यातून द्रव वाहतो. टेबलावरच्या संगणकातही हेच लहान प्रमाणावर करतात. प्रोसेसरवर तांब्याची पाटी, एक छोटा पंप, दोन नळ्या, एक रेडिएटर आणि त्यावर पंखे.

पंखे? मग आवाज गेला कुठे?

या विषयातली खरी मेख इथे आहे. पाणी उष्णता नाहीशी करत नाही. ते तिची जागा बदलते. ते 100 वॅट शेवटी खोलीतल्या हवेतच जातात, आणि खोली पूर्वीइतकीच तापते. (संगणक-खोली थंड होईल अशा आशेने कोणी हे बसवणार असेल, तर त्याला वेळीच सांगावे.) शांतता येते ती रेडिएटरच्या मोठ्या क्षेत्रफळामुळे. दोन पंखे मावतील एवढा रेडिएटर असेल, तर प्रत्येकाला निम्म्या वेगाने फिरवून तेवढीच हवा मिळते. पंख्याचा वेग निम्मा झाला, की त्याचा आवाज सुमारे 15 डेसिबलने उतरतो. एकाऐवजी दोन पंखे आले म्हणून 3 डेसिबल परत वाढतात. निव्वळ लाभ 12 डेसिबलचा. 10 डेसिबल उतरले की कानाला आवाज साधारण अर्धा वाटतो, हे लक्षात घेतले तर हा लाभ लहान नाही. उलट छोटा, एकाच पंख्याचा रेडिएटर घेऊन तो जोरात पळवला, तर पैसे जातात आणि घरघर राहते. वर पंपाची गुणगुण मिळते ती वेगळी.

बसवताना घाई करू नये. प्रोसेसरची झाकणी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, मधोमध तुरीच्या डाळीएवढी थर्मल पेस्ट ठेवावी. दोन धातू कितीही गुळगुळीत दिसले, तरी त्यांच्यामध्ये हवेचे सूक्ष्म कप्पे राहतात, आणि हवा ही उष्णतेची दुर्वाहक आहे. पेस्ट ते कप्पे भरते. पाटीवरचा प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहत नाही ना, ते पाहावे. स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळावेत. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावणे उत्तम, कारण नळ्यांत राहिलेला हवेचा बुडबुडा सर्वांत उंच जागी जातो. ती जागा पंपाची असता कामा नये. तसे झाले तर पंप गुळगुळ आवाज करतो आणि लवकर झिजतो.

पंप एकाच वेगाने चालू द्यावा आणि पंख्यांचा वेग बायॉसमध्ये जाऊन ठरवावा. प्रोसेसरचे तापमान एखादा कार्यक्रम उघडताच क्षणात उसळते. त्याच्यामागे पंखे धावू लागले, तर आवाज सारखा चढतो-उतरतो, आणि कानाला स्थिर आवाजापेक्षा बदलता आवाज जास्त खुपतो. पाण्याची उष्णताधारकता इथे उपयोगी पडते. यंत्रणेत 200 ग्रॅम पाणी असेल, तर 100 वॅटने ते मिनिटाला सुमारे 7 अंशच तापेल, तेही पंखे पूर्ण बंद असताना. म्हणून पंख्यांना सावकाश प्रतिसाद द्यायला सांगितले तरी चालते.

शाळेसाठी कारखान्यातूनच भरून, मोहोरबंद होऊन आलेला संच घ्यावा. स्वतः नळ्या जोडून पाणी भरण्यात मौज आहे, पण मग जबाबदारीही आपली. बोअरचे पाणी तर भरूच नये. त्यातले क्षार पाटीच्या केसाएवढ्या फटींत बसतात. ऊर्ध्वपातित पाणीही एकटे पुरत नाही. तांब्याची पाटी आणि अ‍ॅल्युमिनिअमचा रेडिएटर एकाच पाण्यात आले, की विद्युतघट तयार होतो आणि अधिक अभिक्रियाशील अ‍ॅल्युमिनिअम झिजू लागते. म्हणून द्रवात गंजरोधक घातलेले असते. धातूंची अभिक्रियाशीलता श्रेणी शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

आता शाळेच्या प्रश्नाकडे. नुसते टंकलेखन, हिशेब आणि चित्रे दाखवणे एवढेच काम असलेल्या संगणकांना याची गरज नाही. त्यांच्यासाठी उंच हीटसिंक आणि एक मोठा, संथ पंखा पुरतो. अशा हीटसिंकच्या तांब्याच्या नळ्यांतही बहुधा थोडे पाणी असते. ते तळाशी वाफ होऊन वर जाते, थंड होऊन परत येते, आणि पंप लागतच नाही. माझ्या मते पैशाच्या मानाने हेच उत्तर अधिक शहाणपणाचे. ज्या एका संगणकावर ध्वनिमुद्रण आणि चित्रफितींचे संपादन तासन्‌तास चालते, तिथे मोठ्या रेडिएटरचा संच शोभतो. शाळेने तेवढ्या एकाच संगणकासाठी तो घेतला. प्रयोगशाळेची यादी थोडी आखडली, पण रद्द झाली नाही.

हा संगणक रस्त्याकडेच्या खोलीत आहे, आणि आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ सर्वांना ठाऊक आहे. रेडिएटरच्या पत्र्यांत ती साचली, की तेवढ्याच हवेसाठी पंखे पुन्हा जोरात फिरू लागतात. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आणि जूनमध्ये शाळा भरण्यापूर्वी, वीज बंद करून, पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवून मऊ ब्रशने पत्र्या झाडाव्यात. पाते न धरता ब्लोअरने हवा मारू नये. पंखा भलत्या वेगाने फिरून त्याचे बेअरिंग खराब होते.