लूगर पिस्तूल : संग्रहमूल्य

लूगर पिस्तूल : (पी. ०८). जर्मन भूसेनेने १९०८ मध्ये स्वीकारलेले ९ मिमी. व्यासाचे स्वयंभरण पिस्तूल. दोन्ही महायुद्धांत ते वापरात होते. जिंकणाऱ्या पक्षाच्या, विशेषतः अमेरिकन, सैनिकांनी ते युद्धचिन्ह म्हणून मायदेशी नेले. त्यामुळे वारसाहक्काने हाती येणाऱ्या लष्करी पिस्तुलांत लूगर वारंवार आढळते. त्याचे संग्रहमूल्य वयावर किंवा चकाकीवर अवलंबून नसते. मूळ स्वरूप किती टिकले आहे यावर ते प्रामुख्याने ठरते.

हूगो बोर्खार्टच्या १८९३ च्या पिस्तुलात सुधारणा करून गेओर्ख लूगरने हे पिस्तूल सिद्ध केले. गुडघ्याप्रमाणे वर दुमडणारा सांधा हे त्याच्या यंत्रणेचे वैशिष्ट्य होय. स्वित्झर्लंडने १९०० मध्ये ७·६५ मिमी. व्यासाचा, तर जर्मन नौदलाने १९०४ मध्ये लांब नळीचा प्रकार स्वीकारला. तोफखान्यासाठीच्या प्रकाराची नळी २०० मिमी. लांब असते, नेहमीच्या पी. ०८ ची सु. १०० मिमी. असते. बर्लिनची डीडब्ल्यूएम, एर्फुर्टचा सरकारी कारखाना आणि पुढे माउझर हे प्रमुख निर्माते. उत्पादन मोठे असल्याने सर्वसामान्य पी. ०८ दुर्मिळ नाही. याउलट, अमेरिकन सैन्याच्या १९०७ मधील चाचण्यांसाठी केलेली ·४५ इंची पिस्तुले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच होती.

परीक्षणाचा आरंभ अंकांपासून होतो. सांगाडा व नळी यांवर पूर्ण क्रमांक, तर लहान भागांवर बहुधा त्याचे शेवटचे दोन अंक उमटविलेले असतात. सर्व अंक जुळले, तर किंमत लक्षणीय वाढते. काडतूसपेटीच्या बुडावरील अंकही जुळणे हा विरळा योग. क्रमांकाखालचे अक्षर अवश्य टिपावे, कारण एका मालिकेतील क्रमांक संपल्यावर पुढील अक्षराने तेच क्रमांक पुन्हा दिले जात. काडतूसकक्षावर सामान्यतः निर्मितिवर्ष असते. १९३४ व १९३५ मध्ये माउझरने मात्र त्याऐवजी अनुक्रमे ‘के’ व ‘जी’ ही सांकेतिक अक्षरे वापरली. युद्धकालीन वर्षाजोडीला १९२० हा आकडा दिसल्यास ती लबाडी समजू नये. पहिल्या महायुद्धानंतर सरकारी मालकी दर्शविण्यासाठी तो उमटविण्यात आला.

सर्वाधिक हानी वारसदाराच्या हौसेने होते. जुनी निळसर झिलई विटलेली पाहून पिस्तूल घासून चकचकीत केले जाते किंवा नव्याने झिलई दिली जाते. त्यामुळे मुद्रांच्या कडा बोथट होतात आणि गेलेले मूल्य परत येत नाही. प्रामाणिकपणे झिजलेले पिस्तूल नव्याने चकाकविलेल्या पिस्तुलापेक्षा संग्राहकास अधिक प्रिय असते. लांब नळी मागाहून बसविणे, बनावट मुद्रा उमटविणे असे प्रकारही आढळतात. म्हणून घरात सांगितल्या जाणाऱ्या पराक्रमकथेपेक्षा, शस्त्र मायदेशी नेण्यास अधिकाऱ्याने दिलेला व त्यावर क्रमांक नोंदलेला परवानगीचा कागद अधिक मोलाचा.

पुराणवस्तू हा शब्द येथे जपून वापरावा. अमेरिकन संघीय कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेलेच अग्निशस्त्र त्या वर्गात मोडते. लष्करी लूगर त्यात बसत नाही. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली डागता येण्याजोगे जुने पिस्तूलही परवान्याविना बाळगता येत नाही. परवानाधारकाच्या निधनानंतर ते पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते.

काडतूसपेटी काढली, तरी काडतूसकक्षात एक काडतूस उरलेले असू शकते. पी. ०८ मध्ये असे काडतूस असल्यास वरचा आकडा उचलला जाऊन ‘भरलेले’ या अर्थाचा जर्मन शब्द दिसतो. तथापि त्यावर विसंबून न राहता तपासणी जाणकाराकडूनच करवावी. निर्मात्याची मुद्रा व वर्ष असलेले चामडी म्यान मूल्यात भर घालते, परंतु पिस्तूल त्यात ठेवू नये. चामडे ओल धरते व पोलाद गंजते.