फँटमच्या अंगुस्तानात बोट

डोळ्यांना दिसणारी आभासी वस्तू हाताला लागलीही पाहिजे, ही मागणी जुनी आहे. आयव्हन सदरलंड यांनी ती 1965 मध्येच कागदावर मांडली होती. पुढे नॉर्थ कॅरोलायनात फ्रेडरिक ब्रुक्स यांच्या प्रयोगशाळेनं किरणोत्सारी पदार्थ हाताळायचा अवजड यांत्रिक हात संगणकाला जोडला आणि रेणूंमधली ओढाताण रसायनशास्त्रज्ञांच्या मुठीत आणून दिली. पण मला भुरळ पाडली ती 'फँटम'नं. एमआयटीत थॉमस मॅसी या विद्यार्थ्यानं केनेथ सॅलिस्बरी यांच्या मार्गदर्शनाखाली 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला घडवलेलं हे यंत्र टेबलावर सहज मावतं.

दांड्याच्या टोकाला अंगुस्तान असतं, त्यात बोट घालायचं. बोट हललं की मोटरींवरचे संवेदक त्याची जागा टिपतात. बोट आभासी भिंतीत शिरू लागलं, की ते जितकं आत गेलं तितक्या जोरानं मोटरी त्याला मागे रेटतात. हा जोर दातेरी चाकांतून न येता बारीक तारेतून येतो, म्हणून मोकळ्या हवेत यंत्राची अडखळ जवळपास जाणवत नाही. किती सुंदर युक्ती! चित्र सेकंदाला साठदा बदललं तरी डोळे समाधानी असतात. हाताला मात्र साधारण हजारदा ताजा हिशेब लागतो. त्यात ढिलाई झाली की टणक भिंत थरथरते, नाहीतर मऊ लागते.

चित्र आणि स्पर्श एकाच जागी आणायला अर्धपारदर्शक आरसा तिरका बसवतात. वरच्या पडद्याचं प्रतिबिंब आरशाखालच्या हातापाशी दिसतं. शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठात मेंदूच्या शस्त्रक्रियेचा सराव अशाच मांडणीवर उभा राहिला.

अडचणीही इथेच सुरू होतात. हात वस्तूच्या पुढे असला तरी वस्तूचं चित्र हातावरच उमटतं. डोकं हललं आणि चित्र मागे राहिलं, तर दिसणं एकीकडे, लागणं दुसरीकडे. अशा वेळी डोळे हाताला सहज फसवतात. एमआयटीतच मंदायम श्रीनिवासन आणि सहकाऱ्यांनी आभासी स्प्रिंगा दाबायला देऊन पडद्यावरचं दबणं मुद्दाम बदललं, तेव्हा लोकांनी मऊ स्प्रिंगेला कडक ठरवलं. खेळासाठी हे सोयीचंच; पण सुई कुठवर टोचायची ते शिकणाऱ्या डॉक्टरचा हात चुकीच्या चित्रावर तयार झाला तर? मला ही काळजी मोठी वाटते.

शिवाय अंगुस्तानातून कळतो तो एकाच बिंदूचा स्पर्श. वस्तू चिमटीत धरायची तर अंगठ्यासाठी दुसरा फँटम लागतो, आणि मग दोन्ही दांड्यांना आरशाखालच्या त्याच हातभर जागेत एकमेकांना न अडता फिरावं लागतं.