बोलीतलं घर – भाग ५ : भट, भड्डू आणि डुबके

मागच्या भागात आपण कुमाऊंनी घराचा तळमजला पाहिला, गुरांचा 'गोठ'. आता वर चुलीपाशी जाऊ. इथलं धान्य मराठी माणसाला परकं नाही. मडुवा म्हणजे आपली नाचणी, कौणी म्हणजे राळा आणि गहत म्हणजे चक्क कुळीथ. (कुमाऊंतली पंत घराणी आपलं मूळ कोकणात सांगतात. पण कुळीथ त्यांनीच नेला, असं म्हणण्याचा मोह आवरलेला बरा!)

आपण अडतो ते 'भट'पाशी. भट म्हणजे डोंगरातलं काळं, बारीक सोयाबीन. या एका कडधान्याला ताटात किती नावं! अख्खे भट तेलात तडतडेपर्यंत भाजून, त्यातच कणीक परतून पाणी घातलं की 'चुडकाणी'. भिजवून वाटलेले भट तांदळाबरोबर मऊ शिजवले की 'जौला'. भट, गहत, राजमा असं सगळं एकत्र रटरटवून नुसतं पाणी गाळून घेतलं की 'रस', म्हणजे आपल्या कढणाचा सख्खा भाऊ. गाळून उरलेले दाणे फोडणीला टाकून वेगळे खातात. मसाला सगळीकडे जवळपास तोच; नाव बदलतं ते दाण्याचं काय केलं त्यावरून.

या सगळ्यांत 'डुबके' माझ्या मते अव्वल. रात्री भिजत घातलेले भट किंवा गहत सकाळी 'सिल'वर, म्हणजे पाट्यावर, जरा भरडच वाटायचे. लोखंडी कढईत मोहरीच्या तेलाची फोडणी करून त्यात हे वाटण भरपूर पाण्यात कालवून ओतायचं आणि उकळी फुटेपर्यंत 'डाडू' फिरवत राहायचं. डाडू म्हणजे डाव. हात थांबला की बूड लागलंच. मग मंद आचेवर बराच वेळ तसंच सोडून द्यायचं. भटाच्या डुबक्याला काळपट छटा चढते, त्यात लोखंडाचाही वाटा असतो. स्टीलच्या पातेल्यात हे होतं खरं, पण फिकं होतं.

म्हणूनच कढई टिकली. 'भड्डू'चं नशीब मात्र तसं नव्हतं. कांशाचं, जाड बुडाचं, गळ्याशी आवळलेलं हे भांडं. त्यात डाळ चुलीवर तासन्‌तास शिजायची. कुकर आला आणि भड्डू माळ्यावर गेला. भाताची 'तौली'ही आता लग्नकार्यापुरतीच दिसते. भांडं वापरातून गेलं की मुलांच्या कानावर त्याचं नाव पडणार कुठून? २०११च्या जनगणनेत सुमारे २० लाख ८१ हजार लोकांनी कुमाऊंनी ही मातृभाषा सांगितली. ती मोजली गेली हिंदीच्या खात्यात. पण त्यांतल्या किती घरांत भड्डू चुलीवर चढतो, हे कुठलीच जनगणना विचारत नाही.

फोडणीत दोन नावं हमखास येतात : 'गंधरैणी' हे सुगंधी मूळ आणि 'जम्बू' ही कांदा-लसणाच्या कुळातली उंचावरची वनस्पती, वाळवलेल्या काड्यांच्या रूपात. १९६२पर्यंत तिबेटशी व्यापार करणारे जोहार-दारमा खोऱ्यांतले भोटिया लोक हा जिन्नस खालच्या बाजारांत आणत. चिमूटभर पुरतो. तूप चांगलं तापल्यावर, अगदी शेवटी टाकायचा आणि लगेच डाळीवर ओतायचा, कारण जम्बू क्षणात करपतो.