दगडातली माडी, दगडातला सज्जा

लोणावळ्यात उतरलेल्या माणसाला जुनं काही पाहायचं असेल तर तो बाजारपेठेत शिरतो. चिक्कीची दुकानं, पारश्यांचे उतरत्या कौलांचे बंगले, जरा पुढे खंडाळा. सगळं छान, पण बोरघाटातून रेल्वे धावू लागली १८६३ साली, आणि लोणावळ्याचा हा तोंडवळा मुख्यतः त्यानंतरचा. मावळातली खरी जुनी पेठ पाहायची तर पुण्याहून येताना एक स्टेशन अलीकडे, मळवलीलाच उतरावं लागतं. या पेठेत कोणी राहत नाही, काही विकलं जात नाही. आहेत ते कड्यात कोरलेले सज्जे, कठडे, खिडक्या आणि माड्या.

रुळांच्या दक्षिणेला लोहगड-विसापूरच्या पायथ्याशी भाजे, उत्तरेला एकवीरेच्या डोंगरात कार्ले. दोन्हींना शाळेच्या सहली येतात, गाइड ‘बौद्ध लेणी’ म्हणून ओळख करून देतो, मुलं स्तूपापाशी फोटो काढतात आणि परत फिरतात. स्तूपाकडे जाण्याआधी दर्शनी भाग नीट पाहायचं मात्र बहुतेकांचं राहून जातं. खरं तर गाव दिसतं ते तिथेच.

भाज्याच्या चैत्यगृहासमोर उभं राहून मान वर केली की घोड्याच्या नालेसारखी मोठी कमान दिसते. तिच्या दोन्ही अंगांना एकावर एक मजले चढवलेले आहेत. पुढे आलेले सज्जे, त्यांना पेलणाऱ्या तुळयांची टोकं, जाळीच्या खिडक्या, वेदिकेचे कठडे. मध्येच एखादं जोडपं सज्ज्यातून खाली रस्त्याकडे डोकावतं आहे. पुण्याच्या कसब्यातल्या वाड्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटावं, फक्त हा वाडा इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा.

त्या काळातली खरी घरं कुठे गेली? ती लाकडाची, बांबूची, मातीची होती. मावळच्या पावसात असं घर किती टिकणार! त्या काळचं एकही राहतं घर आज उभं नाही. उरली ती त्यांची दगडातली नक्कल. सांचीच्या तोरणांवर कोरलेल्या नगरांतही असेच सज्जे आणि अशीच गोल पाठीची छपरं दिसतात, त्यामुळे हा कारागिराच्या मनचा खेळ नव्हे हे कळतं. ही घरं तो रोज पाहत होता.

किंबहुना तो सुताराच्याच डोक्याने विचार करत होता. भाज्याच्या चैत्यगृहातले २७ अष्टकोनी खांब सरळ उभे नाहीत, ते आत कललेले आहेत. लाकडी इमारतीत याला अर्थ असतो, कारण गोल छपराचा भार खांबांना बाहेर रेटतो आणि आत कललेला खांब तो रेटा झेलतो. डोंगर पोखरून केलेल्या दालनात छपर पडायचा प्रश्नच नव्हता. तरीही खांब कलले, कारण ‘खांब असाच असतो’ हे हाताला ठाऊक होतं. समोरची भिंत तर खरोखर लाकडाचीच होती. ती गेली, पण तिचे वासे बसवायच्या खोबण्या जमिनीत आणि कमानीत अजून दिसतात.

कार्ल्याला पायऱ्या चढून गेलं की आधी एकवीरेचं देऊळ लागतं. चैत्रात इथे कोळी-आगरी समाजाची मोठी यात्रा भरते, आणि नवस, नारळ, ढोलताशे यांच्या गर्दीत शेजारचं लेणं कधी कधी पार दबून जातं. देवळापासून काही पावलांवर चार सिंहांचा उंच स्तंभ उभा आहे. तो महारठी अग्निमित्रणकाने दिला. त्यामागचं चैत्यगृह सुमारे १२४ फूट लांब, ४५ फूट रुंद आणि जवळपास तेवढंच उंच आहे. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत हे सर्वांत मोठं. ओसरीच्या बाजूच्या भिंतींवर हत्ती कोरलेले आहेत आणि त्यांच्यावर मजल्यावर मजला, कमानींच्या रांगा, कठडे. जणू हत्तींच्या पाठीवर अख्खी गल्ली चढवली आहे.

आत गेल्यावर छताकडे पाहावं. कमानदार छताखाली सागवानी वासे आहेत, आणि स्तूपावर लाकडी छत्र. सुमारे दोन हजार वर्षांचं हे लाकूड जागच्या जागी आहे. दगडी छताला त्या वाशांचा काडीचाही आधार लागत नाही. लाकूड नसतं तर ते घर वाटलं नसतं, एवढंच त्याचं काम.

‘घर’ हा शब्द इथे ओढूनताणून आणलेला नाही. वैजयंती म्हणजे आजच्या कर्नाटकातली बनवासी. तिथला श्रेष्ठी भूतपाल ओसरीतल्या लेखात जंबुद्वीपातलं उत्तम ‘सेलघर’ आपण पूर्ण केल्याचं सांगतो. सेलघर म्हणजे दगडाचं घर. त्याच्या फुशारकीला हसू येत नाही, कारण माणूस फारसं खोटं बोललेला नाही. धेनुकाकट गावचा सामी नावाचा सुतार, वेणुवासाचा मुलगा, आपण ‘घराचं मुख’ केलं असं लिहून ठेवतो. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरविक्याने एक दरवाजा दिला. काही खांबांवर यवनांची, म्हणजे ग्रीक म्हणवणाऱ्यांची नावं आहेत. स्तूपाच्या दोन्ही हातांना १५-१५ खांब कलश, हत्ती आणि स्वारांनी सजलेले, तर मागचे सात अगदी साधे अष्टकोनी. एकूण ३७. मागच्या बाजूला कोण पाहतो, हा हिशेब तेव्हाही होताच!

अत्तरविके, सुतार आणि यवन या डोंगरात आले कसे? वाट इथूनच जात होती. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांवरून घाट चढून पैठण-तेरकडे जाणारा माल मावळातून जाई. आज मळवलीच्या त्याच खोऱ्यातून रेल्वे, जुना मुंबई-पुणे रस्ता आणि द्रुतगती मार्ग जातात. पावसाळ्यात भिक्खूंना छप्पर हवं होतं, व्यापाऱ्यांना पुण्य. घरदार सोडून आलेल्या भिक्खूंना श्रीमंतांनी गावातल्या हवेलीचा दर्शनी भाग बांधून द्यावा, यात गंमत आहे. भिक्खूंना त्याचं काय वाटलं असेल कोण जाणे.

तिसरं ठिकाण पवन मावळातलं बेडसे. कामशेतहून जावं लागतं, म्हणून गर्दी कमी. समोरचा कातळ पूर्ण काढलेला नाही, त्यामुळे अरुंद फटीतून आत शिरताच सुमारे २५ फुटी खांब एकदम अंगावर येतात. माथ्यावर घोडे, बैल, हत्ती आणि त्यांवर बसलेली स्त्री-पुरुषांची जोडपी. ओसरीच्या भिंतींवर पुन्हा तीच कमानी-कठड्यांची गर्दी. नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या मुलाने, पुष्यणकाने, दान दिल्याचा लेख दारावर आहे. आतली जुनी चित्रं मात्र पाहायला मिळणार नाहीत. १८६१च्या सुमारास साहेब येणार म्हणून स्थानिक अधिकाऱ्यांनी लेणं साफ करून रंगवून घेतलं, आणि गिलाव्यावरच्या चित्रांच्या खुणा त्याखाली गेल्या.

भाजे आणि कार्ले पश्चिमेकडे तोंड करून आहेत, तेव्हा ती दोन्ही दुपारनंतर पाहावीत. बेडसे पूर्वाभिमुख आहे. त्याच्यासाठी वेगळी सकाळ राखून ठेवावी, आणि कामशेतला लवकरच्या लोकलने उतरावं. ऊन तिरपं असेपर्यंतच त्या फटीतून आत पोहोचतं.