कुकी नावाचा बिल्ला

कथा, कविता आणि रसग्रहणाच्या पंगतीत कुकीसारखा विषय पाहून काहींच्या भुवया उंचावतील. पण आपण सगळेच रोज एक मजकूर न वाचता त्याला होकार देतो. संकेतस्थळ उघडलं की खालून एक पट्टी वर येते. तिच्यावर ‘ॲक्सेप्ट ऑल’चं बटण ठळक रंगात असतं. आपण ते दाबतो आणि पुढे जातो. शब्दांवर प्रेम करणाऱ्या माणसांनी तरी कशाला होकार देतोय ते जाणून घ्यावं, असं मला वाटतं. म्हणून हा लेख.

ब्राउझर आणि संकेतस्थळ ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात, त्या एचटीटीपीला मुळात स्मरणशक्तीच नाही. एका पानावरून दुसऱ्या पानावर गेलात की तुम्ही त्याच्या लेखी नवे पाहुणे. अशा विसरभोळ्या दुकानात खरेदी कशी करणार? पिशवीत एक वस्तू टाकून दुसरी आणायला वळावं, तोवर पिशवी कुणाची हेच दुकानदार विसरलेला! १९९४ साली नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली या तरुण अभियंत्याने यावर तोडगा काढला. संकेतस्थळाने ब्राउझरला एक छोटीशी नोंद द्यायची आणि ब्राउझरने ती जपून ठेवून पुढच्या प्रत्येक भेटीत परत दाखवायची. संगणकवाल्यांमध्ये अशा खुणेला आधीपासून ‘मॅजिक कुकी’ म्हणत, त्यावरून हे नाव पडलं. खायच्या बिस्किटाशी नातं फक्त नावापुरतं.

ग्रंथालयाच्या दारात बॅग ठेवली की आपल्याला बिल्ला मिळतो. त्यावर नुसता आकडा असतो. बॅगेत काय आहे ते बिल्ल्याला ठाऊक नसतं, पण काउंटरवरच्या काकांना आकडा दिसला की तुमची बॅग बरोबर सापडते. कुकीचंही तसंच. ती व्हायरस नाही, तुमच्या फोनमधले फोटो ती चाळत नाही. जास्तीत जास्त चार किलोबाइटांचा तो मजकूर असतो. तुम्ही लॉगिन केलेलं आहे, तुम्हाला पान मराठीत हवंय, टोपलीत दोन पुस्तकं आहेत, एवढं लक्षात ठेवायला ती लागतेच.

मग भीती कसली? एक म्हणजे बिल्ला दुसऱ्याच्या हाती पडण्याची. लॉगिन झाल्यावर संकेतस्थळ दर वेळी पासवर्ड विचारत नाही, बिल्लाच पाहतं. कॉलेजच्या किंवा सायबर कॅफेतल्या संगणकावर तुम्ही ईमेल उघडलंत आणि नुसती खिडकी बंद करून उठलात, तर बिल्ला बऱ्याचदा तिथेच राहतो. पुढे बसणाऱ्याला पासवर्डची गरजच नाही. लॉग आउट केलं की तो बिल्ला बाद होतो.

दुसरी गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात प्रत्येक दुकानाच्या कोपऱ्यात एकाच शेटचा एकेक पोऱ्या बसलाय असं समजा. पहिल्या दुकानात त्याने तुम्हाला बिल्ला दिला आणि पुढच्या प्रत्येक दुकानात तोच बिल्ला पाहून वहीत टिपण केलं. संध्याकाळी शेटला तुमचं नाव माहीत नसेल, पण तुम्ही कुठे थांबलात, काय हातात घेतलंत, ते सगळं माहीत असतं. याला थर्ड-पार्टी कुकी म्हणतात. एकच जाहिरात कंपनी अनेक संकेतस्थळांवर हजर असते म्हणून हे जमतं. आता एखादी मुलगी रात्री नैराश्याविषयी वाचतेय असं समजा. तिने घरात कुणाला काही सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवशी घरच्या सामाईक संगणकावर, सगळ्यांसमोर, समुपदेशनाच्या जाहिराती दिसायला लागल्या तर? सांगायचं की नाही हे तिने ठरवायचं होतं.

युरोपात यावर कायदे झाले, म्हणून त्या पट्ट्या आल्या. आधीच टिक केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असं युरोपीय न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. जानेवारी २०२२ मध्ये फ्रान्सच्या नियामकाने गूगलला १५ कोटी आणि फेसबुकला ६ कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कारण साधं होतं. होकार एका क्लिकमध्ये, नकाराला मात्र अनेक क्लिक.

ब्राउझरांची तऱ्हा वेगवेगळी आहे. सफारी २०२० पासून थर्ड-पार्टी कुकी आपणहून अडवतो. फायरफॉक्स २०२२ पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या डब्यात ठेवतो. क्रोमनेही त्या बंद करू असं २०२० मध्ये सांगितलं होतं, पण २०२४ मध्ये तो बेत सोडला. म्हणजे क्रोमवाल्यांनी आपलं आपण बघायचं. त्यासाठी एवढं करा:

१. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली थर्ड-पार्टी कुकी बंद करा. सगळ्याच कुकी बंद करू नका, लॉगिन चालणार नाही.

२. पट्टीवर ‘रिजेक्ट ऑल’ शोधा. नसेल तर ‘मॅनेज’मध्ये जाऊन फक्त आवश्यक कुकी ठेवा.

३. सामाईक संगणकावर इनकॉग्निटो खिडकी वापरा आणि उठताना अशा सगळ्या खिडक्या बंद करा, कुकी पुसल्या जातात. पण कॉलेजच्या नेटवर्कपासून त्याने काही लपत नाही.

४. अधूनमधून जुन्या कुकी पुसा. पुन्हा लॉगिन करावं लागेल, एवढाच त्रास.

यानेही पाळत पूर्ण थांबत नाही. फोनची आणि ब्राउझरची वैशिष्ट्यं जुळवून ओळख पटवण्याच्या इतर युक्त्या आहेतच. पण निम्मं दार तरी लागतं.

शेवटचा मुद्दा आपल्या मंडळाच्या खास जिव्हाळ्याचा. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यायचा आहे. त्यात मराठी आली, कोंकणीही आली. दिलेली संमती मागे घेणंही ती देण्याइतकंच सोपं हवं, असंही हा कायदा म्हणतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. तेव्हा यापुढे इंग्रजीत पट्टी आली तर ‘मराठीत कुठे आहे?’ असं त्या कंपनीला लिहून विचारायला हरकत नाही. आणि मराठीत आली की त्या मराठीकडेही आपणच बघायला हवं. कुणाला कळणारच नाही अशा मराठीत मागितलेला होकार न वाचताच दिला जाणार.