चाचणी करणाऱ्याने तोंड का मिटावे?

२०२३ सालच्या उत्तरार्धात आपल्या देशातील असंख्य मोबाईल फोन एकाएकी कर्कश आवाज करू लागले. पडद्यावर इशारा झळकला, पण संकट कुठेच नव्हते. आपत्तीच्या वेळी एखाद्या भागातील सर्व फोनवर एकदम सूचना धाडणारी यंत्रणा दूरसंचार विभागाने उभारली होती, तिची ही चाचणी होती. हा केवळ नमुना आहे, याकडे दुर्लक्ष करा, असे त्या संदेशात लिहिलेलेच होते. तरीही पुष्कळांच्या काळजाचा ठोका चुकला असेल!

अशी चाचणी उघड्यावर, सर्वांना सांगून करता येते. परंतु संगणकाच्या बहुतेक नव्या आज्ञावल्यांची, म्हणजे सॉफ्टवेअरची, पहिली चाचणी बंद दाराआड होते. प्रथम ती तयार करणारे लोकच ती तपासतात. ही अल्फा चाचणी. मग बाहेरच्या निवडक माणसांच्या हाती ती दिली जाते. ही बीटा चाचणी. अल्फा व बीटा ही ग्रीक वर्णमालेतील पहिली दोन अक्षरे होत. बाहेरची माणसे कशाला हवीत, असे तुम्ही विचाराल. कार्यालयातील चांगल्या फोनवर आणि अखंड विजेवर चालणारी आज्ञावली पाड्यावरच्या जुन्या फोनवर, तुटक रेंजमध्ये, मराठी अक्षरांसह चालेलच असे नाही. ते पाड्यावरचा माणूसच सांगू शकतो.

या माणसाकडून कंपनी बहुधा एक करार करून घेते. पडद्याची छायाचित्रे कोणाला दाखवायची नाहीत, आज्ञावली दुसऱ्याला द्यायची नाही, काय पाहिले ते बोलायचे नाही, आणि हे सर्व एका ठरावीक मुदतीपर्यंत किंवा आज्ञावली बाजारात येईपर्यंत पाळायचे. वाचताना वाटते, यात एवढे लपवण्यासारखे काय आहे? चोरी तर नाही ना चाललेली?

उत्तर शोधायला आपण पालघर जिल्ह्यात डहाणू-तलासरी परिसरात जाऊ. येथे नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या आसपासच्या गावांना लहानमोठे असंख्य धक्के बसले. फेब्रुवारी २०१९ मधला एक धक्का ४ रिश्टरहून थोडा मोठा होता. थंडीच्या दिवसांत माणसे घराबाहेर तंबूत झोपू लागली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने आणि राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने तेथे भूकंपमापक यंत्रे बसवली.

आता समजा, भूकंपाची आगाऊ सूचना देणारी एक नवी आज्ञावली तलासरीतील एका गुरुजींना चाचणीसाठी मिळाली. (हे गुरुजी काल्पनिक आहेत, भूकंप मात्र खरे.) एका रात्री भांडी खणखणली, आढे करकरले, पण फोन गप्पच राहिला! गुरुजींनी लगेच पडद्याचे चित्र काढून गावाच्या गटावर टाकले, “हे यंत्र निकामी आहे.” तासाभरात ते चित्र बोर्डीपासून कासापर्यंत पोहोचेल.

पण यंत्र खरोखरच निकामी होते काय? थोडे गणित करू. भूकंपातून प्रथम प्राथमिक लहरी निघतात. त्या कवचातून सेकंदाला सुमारे ६ किलोमीटर वेगाने धावतात आणि फारसे नुकसान करीत नाहीत. मागून सुमारे साडेतीन किलोमीटर वेगाने दुय्यम लहरी येतात, खरा हादरा त्यांचा. सूचना देणारी यंत्रणा पहिल्या लहरी ओळखून दुसऱ्या पोहोचण्याआधी आपल्याला सावध करते. भूकंप १०० किलोमीटर दूर झाला, तर पहिली लहर १७ सेकंदांत आणि दुसरी २९ सेकंदांत येईल. मधले १२ सेकंद हाती लागतात, तेवढ्यात टेबलाखाली शिरता येते. पण भूकंप १० किलोमीटरवर असेल, तर दोन्ही लहरींत जेमतेम सव्वा सेकंदाचे अंतर राहते. हिशेब करायलाच यंत्रणेला याहून जास्त वेळ लागतो! डहाणू-तलासरीचे धक्के अगदी जवळचे व उथळ, म्हणून तेथे अशी यंत्रणा केंद्राजवळच्या माणसाला सावध करूच शकत नाही. शिवाय सप्टेंबर २०२३ पासून भारतात सुरू असलेली अँड्रॉइड फोनवरील भूकंप-सूचना ४.५ किंवा त्याहून मोठ्या भूकंपासाठीच वाजते. तलासरीचे बहुतेक धक्के त्यात बसतच नाहीत.

म्हणजे फोन गप्प राहिला तो कदाचित ठरल्याप्रमाणेच. गुरुजींच्या एका चित्राने मात्र लोकांचा अशा सूचनांवरचा विश्वास उडाला. उलटही घडू शकते. चाचणीसाठी धाडलेला खोटा इशारा कोणी पुढे ढकलला, तर भूकंपाने पोळलेली माणसे मध्यरात्री लेकरे कडेवर घेऊन बाहेर धावतील. म्हणून अर्धवट गोष्ट बाहेर जाऊ नये, हे मौनाचे पहिले कारण, आणि मला तरी ते सर्वांत वजनदार वाटते. प्रतिस्पर्ध्याने कल्पना उचलू नये, हे दुसरे. तिसरे कारण पेटंटचे. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार शोध नवा असावा लागतो. अर्ज करण्यापूर्वीच तो जगजाहीर झाला, तर सहसा पेटंट मिळत नाही. विश्वासाने दाखवलेली गोष्ट मात्र जगजाहीर ठरत नाही.

पण गुरुजींनी तो फोन नववीतल्या विद्यार्थ्याच्या हाती दिला आणि ‘मान्य आहे’ हे बटण त्यानेच दाबले तर? येथे कायदा मौजेचा आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्ती करार करू शकत नाही. १९०३ साली मोहरीबीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितले की, अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल होय. म्हणून बहुतेक कंपन्या मुलांना चाचणीला घेतच नाहीत, किंवा पालकांची संमती मागतात.

याचा अर्थ मुलाने वाटेल ते सांगत सुटावे असा नव्हे. विश्वासाने सांगितलेली गोष्ट न्यायालये कराराशिवायही जपतात. एका मालिका-निर्मिती संस्थेने आपल्या मालिकेची कल्पना झी टेलिफिल्म्सला विश्वासाने सांगितली होती, पुढे तशीच मालिका निघाल्यावर वाद झाला. मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली निर्मिती संस्थेच्या बाजूचा मनाई हुकूम कायम ठेवला.

मौनाला कुंपण असतेच. जे आधीच सर्वांना ठाऊक आहे ते गुपित नव्हे. बेकायदा गोष्ट झाकण्यासाठी केलेला करारही टिकत नाही, कारण त्याच कायद्याचे २३ वे कलम अशा हेतूचा करार रद्द ठरवते. आणि धोका आढळला तर? ६ फेब्रुवारी २०२३ रोजी तुर्कस्तानात ७.८ रिश्टरचा भूकंप झाला. अँड्रॉइडच्या यंत्रणेने तो फारच लहान मोजला आणि सर्वांत वरच्या पातळीचा इशारा फक्त ४६९ फोनांवर पोहोचला. त्याचा तपशील कंपनीच्या संशोधकांनी शोधनिबंधात प्रसिद्ध केला तो २०२५ साली. अडीच वर्षे! इतका वेळ मला जास्त वाटतो. सुरक्षेतील दोष शोधणाऱ्या गूगलच्याच एका पथकाचा नेम वेगळा आहे. ते प्रथम संबंधित कंपनीला गुपचूप कळवते आणि साधारण ९० दिवसांनी दोष जाहीर करते. आपल्याकडे असा दोष सर्ट-इन या सरकारी संस्थेलाही कळवता येतो.

तलासरीच्या गुरुजींनी मग काय लिहावे? धक्क्याची तारीख, सेकंदापर्यंत वेळ, गाव, फोनचा नमुना, आज्ञावलीची आवृत्ती, रेंज होती की नव्हती, काय अपेक्षित होते आणि काय घडले. शेजारी राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने नोंदवलेली त्या धक्क्याची वेळ व तीव्रता लिहावी. ती केंद्र उघडपणे प्रसिद्ध करते. हा कागद कंपनीकडे जाईल. रात्री भांडी किती वेळ खणखणली, हे मात्र गुरुजींनी साऱ्या पाड्याला खुशाल सांगावे. भूकंपावर कोणाची सही घेतलेली नसते.