पुणे-नाशिक रेल्वे खोडदला का अडली?

सुमारे २३५ किलोमीटर लांबी, अंदाजे खर्च १६,०३९ कोटी रुपये. आंबेगाव-जुन्नरमधून आखलेला हा सेमी हायस्पीड मार्ग अडला तो खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपाशी. तिच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या अवकाशातल्या अतिक्षीण रेडिओलहरी टिपतात. विजेच्या गाडीच्या, तारेवरून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफजवळची ठिणगीही त्यांत गोंगाट मिसळते. तबकड्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या, त्यामुळे थोडंसं वळण देऊन भागत नाही. आता अहिल्यानगर-शिर्डीमार्गे जाण्याचा पर्याय पुढे आला आहे. पण मार्ग बदलला की सर्वेक्षण, भूसंपादन, मंजुऱ्या नव्याने. तोवर जमीन, सिमेंट, पोलाद महागतं. दुर्बीण जपलीच पाहिजे. मात्र हा प्रश्न आखणीच्या पहिल्याच नकाशावर सुटायला हवा होता. आंबेगाव-जुन्नरमधल्या नारायणगाव, मंचरला आजही रेल्वे नाही.